लाकूड आणि तार

एस.टी.त बसायच्या आधी आमचे गुरुजी सीट दाबून बघायचे. नुसती दाबून नाही, वाकून तिचा वास घ्यायचे. मागे माणसं खोळंबलेली, कंडक्टर घंटीची दोरी धरून उभा, आणि गुरुजी शांतपणे विचारत, "हे रेक्झिनच हाय न?"

वाशीम गाडीचा कंडक्टर त्यांना ओळखून होता. तो म्हणायचा, "रेक्झिन हाय गुरुजी, रेक्झिन. सरकार तुमच्यासाठी कातड्याच्या सीटा लावन काय? बसा आता. म्हशीवर नाई बसून राह्यले तुमी."

"म्हशीवर बसायले माही ना नाई," गुरुजी म्हणत. "म्हैस जित्ती असते."

पायात टायरच्या चपला. कमरेला सुती नाडा, पट्टा कधीच नाही. घड्याळाला बायकोने शिवून दिलेली कापडी पट्टी. शाळेला वरून एकदा चामड्याचा व्हॉलीबॉल आला, तो त्यांनी हात न लावता काठीने ढकलत ढकलत कपाटाखाली घातला, आणि पोरांना चिंध्यांचा चेंडू बांधून दिला. सायकलच्या पंपात चामड्याचा वायसर असतो हे त्यांना कोणीतरी सांगितलं, तर त्यांनी तो उपटून फेकला आणि जुन्या ट्यूबमधून नवा कापून बसवला. त्या पंपाने हवा भरायची म्हणजे चाकात जायच्या आधी माणसाचीच हवा जायची. तरी गुरुजी घामाघूम होऊन दांडा खालीवर करत राहायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "चढून राह्यली. थोडी थोडी चढून राह्यली."

लोक हसायचे. मी हसत नव्हते. मला ते बरोबर वाटायचं. आणि स्पष्टच लिहिते, त्यातलं बरंचसं मला आजही बरोबर वाटतं.

आमच्या वस्तीने पिढ्यान्‌पिढ्या गावची मेलेली गुरं ओढली. पाटलाच्या गोठ्यात बैल मेला की सांगावा आमच्याकडे. पावसात, तापात, लग्नात, कधीही. नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि वस्तीने ठराव केला: मेलेलं ओढायचं नाही, सोलायचं नाही, कातड्याच्या धंद्यावर जायचं नाही. ठराव लिहिणारे गुरुजीच. तेव्हा ते नुकतेच मास्तर झाले होते, मिशीही धड फुटली नव्हती म्हणतात. पण ते ठरावापाशी थांबले नाहीत. ते म्हणाले, मी कातड्याला हातच लावणार नाही, ते माझ्या घरात येणार नाही, माझ्या अंगावर चढणार नाही.

"कातडं म्हणजे हुकूम असते, लेकाहो," ते वर्गात सांगत. "जनावर मरते. हुकूम मरत नाई."

मी वाचायला शिकले ती पुस्तकावर नाही, गुरुजींच्या भिंतीवर. अकोल्याहून, नागपूरहून, सभेहून, मोर्च्याहून आणलेली पत्रकं त्यांनी कणकेच्या खळीने घरातल्या मातीच्या भिंतींना चिकटवली होती. चुलीपासून दारापर्यंत सगळं घर बोलायचं. मी वाचलेला पहिला शब्द ‘बंधूंनो’. त्याच्या खाली बहुधा ‘भगिनींनो’ असावं, पण तिथला पोपडा उडाला होता. मी विचारलं, "गुरुजी, इथं काय होतं?" त्यांनी चुलीतला कोळसा माझ्या हातात दिला. "तुह्यं तूच लिही," ते म्हणाले. मी लिहिलं. वेलांटी चुकली होती. त्यांनी दुरुस्त केली नाही. आल्यागेल्याला दाखवायचे, "हे पोरीनं लिहेल हाय."

असा माणूस. फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात आमच्या लोकांसाठी वेगळे कप ठेवलेले असत, कान तुटलेले, बाहेर कोनाड्यात. गुरुजी तिथे चहा घेत, कपाचेही पैसे देत आणि मालकाच्या देखत तो कप दगडावर फोडत. मालक ओरडायचा. गुरुजी म्हणायचे, "माहा कप हाय. मी फोडीन नाई तं पूजीन." शेवटी कोनाडा रिकामा झाला आणि मालक सगळ्यांना सारख्याच कपात द्यायला लागला, कारण नवे कप आणून तो थकला. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मी तेव्हा फ्रॉकमध्ये होते आणि मला वाटलं होतं की क्रांती असा आवाज करते.

फक्त एका गोष्टीवर ते बोलत नसत. त्यांच्या तोंडून मी ‘बाप’ हा शब्द कधी ऐकला नव्हता. कोणी विचारलंच तर म्हणत, "माणूस विचारानं जल्मते," आणि विषय संपवत.

आता गिटारीकडे येते, कारण गुरुजी म्हटलं की आमच्या भागात अजूनही लोक आधी ती गिटारच काढतात.

गुरुजींची एक गायन पार्टी होती. जयंतीला, बुद्ध पौर्णिमेला, लग्नांत आम्ही गात असू. गाणी गुरुजींची, चाली कोणाच्याही. ढोलकीवर दादाराव. दादाराव म्हणजे गुरुजींचा थोरला चुलत भाऊ, दुसऱ्याच्या शेतात मजुरी करणारा, बुटका, सदा पान खाणारा. पण ढोलकी मांडीवर घेतली की तो माणूस उंच व्हायचा. अशा दादारावला गुरुजींनी एक दिवस सांगितलं, "दादा, उद्यापासून ढोलकी बंद. तिले कातडं हाय."

"मंग काय वाजवू मास्तर? तुह्यं टकुरं?"

"टाळ्या वाजव."

"टाळ्याले बी कातडं हाय," दादारावने दोन्ही तळवे पुढे केले. "हे पाह्य."

सगळे हसले, गुरुजीसुद्धा. पण ढोलकी बंद झाली. दादारावने ती फडक्यात गुंडाळून घरात माळ्यावर टाकली आणि आमच्याबरोबर टाळ्या वाजवायला बसला. तोंडात पान नसल्यासारखं त्याचं तोंड दिसायचं.

मग गुरुजींनी आमची बाजाची पेटी उघडली. स्क्रू काढून, आतलं सगळं बाहेर मांडून. पट्ट्यांच्या खाली, जिथे हवा अडवायची, तिथे मऊ कातड्याच्या चिंध्या डकवलेल्या निघाल्या. भात्याच्या सांध्यालाही तेच. पेटी गेली. राहिलो आम्ही, आमचे गळे आणि टाळ्या. रिसोडकडची एक पार्टी होती, त्यांच्याकडे ढोलकी, डफ, पेटी, सगळं. एकदा एकाच मांडवात त्यांची आणि आमची गाठ पडली. आमचं गाणं विचाराने त्यांच्यापेक्षा कितीतरी वर होतं. पण लोक त्यांच्या ठेक्यावर नाचले आणि आमच्या वेळेला उठून पाणी प्यायला गेले.

त्या वर्षी गुरुजी नागपूरहून दीक्षेच्या कार्यक्रमाहून परतले ते मांडीवर गिटार घेऊन. एस.टी.च्या टपावर ठेवायला ते तयारच झाले नव्हते. वस्तीच्या वर्गणीत स्वतःचे घालून त्यांनी ती आणली होती. दुकानदाराला म्हणे त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "यात कातडं कुठं हाय?" दुकानदाराने लाकडावर टकटक केलं आणि तारेला बोट लावलं.

"लाकूड आन् तार," गुरुजी विहाराच्या ओट्यावर उभं राहून म्हणाले. "बस. दुसरं काहीच नाई. हे वाद्य आपल्यासाठीच बनेल हाय. याच्यावर कोनाचा हुकूम नाई."

मी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की हात लाल झाले.

आता खरं सांगायचं तर ती गिटार वाईट होती. दुकानाच्या बंद खोलीत ती घंटेसारखी वाजली असेल, आमच्या अंगणात डबा वाजावा तशी वाजायची. आमच्याकडच्या उन्हाने तिची मान वाकली. तारा पडद्यांपासून इतक्या वर उचलल्या गेल्या की दाबताना गुरुजींच्या बोटांतून रक्त यायचं. सकाळी जुळवलेला सूर दुपारी उतरायचा. शिकवणारं कोणी नव्हतं. शाळा सुटली की गुरुजी बोटांना चिंध्या बांधून बसायचे आणि एकच एक चाल वाजवायचे, आणि त्यांची बायको, जिला आम्ही सगळे मावशी म्हणत असू, ती आतून विचारायची, "आवो, सुरू झालं काय वाजवनं?"

"केव्हाचंच सुरू हाय!"

"मले वाटलं, जातं घासून राह्यले."

रिसोडच्या कार्यक्रमात आमची पुरती शोभा झाली. माइक एकच, तो गाणाऱ्यांसमोर. गुरुजी बाजूला स्टुलावर, मांडीवर गिटार, बोटं चाललेली. संयोजक खाली वाकून मोठ्याने म्हणाला, "गुरुजी, वाजवा न आता! लोक वाट पाहून राह्यले."

"वाजवून राह्यलो न!"

पुढच्या रांगेपासून हसू उठलं आणि मागपर्यंत गेलं. परतीच्या गाडीत गुरुजींनी सीटचा वास घेतला नाही. तसेच बसले.

जयंती जवळ आली तशी वस्तीची बैठक बसली. विषय एकच: गिटार ठेवायची की विकायची. पाटलांचा धाकटा मुलगा अमरावतीला कॉलेजात होता. त्याने निरोप पाठवला होता, विकत असाल तर मला द्या. ती विकून आलेल्या पैशात झांजा आणि एक भोंगा घ्यावा असं काहींचं म्हणणं होतं.

दादाराव म्हणाला, "विका. आन् माही ढोलकी खाली काढू द्या. मास्तर, तुह्या या डब्यापायी आपली पार्टी मुकी झाली. जयंतीले माणसं येतीन आन् आपल्याले नुसते हात हालवतानी पाहून जातीन."

मग मी उभी राहिले. मी बोलले ते मला अजून आठवतं. मी म्हणाले की ही गिटार विकणं म्हणजे ठराव विकणं आहे. हे आपलं पहिलं वाद्य आहे ज्याच्यावर गुलामीचा एकही टाका नाही. ते नीट वाजत नाही हा आपल्या हातांचा दोष आहे, त्याचा नाही. आणि पाटलाच्या पोराने करमणुकीसाठी घ्यावं म्हणून आपण ते आणलेलं नाही. बायका माझ्याकडे टक लावून बघत होत्या. गुरुजींचे डोळे भरून आले होते. दादाराव पिचकारी टाकून म्हणाला, "बोलते लय भारी पोरगी. मास्तर, हिलेच वाजव."

बैठक ठरत नव्हती. गुरुजी म्हणाले, "शब्द माहा हाय. गिटार ठीक नाई, मले समजते. पण शब्द ठीक हाय. मी सांगतो, ठेवायची." त्यांचा शब्द म्हणजे शेवट, असं होतं तेव्हा.

पण तोवर पाटलांचा मुलगा आलाच. मोटरसायकल विहाराच्या बाहेर लावली. चौथीपर्यंत तो गुरुजींच्याच हाताखाली होता. वाईट मुलगा नव्हता. "गुरुजी, पाहू तं द्या," म्हणाला. गुरुजींनी गिटार दिली. पोरगा ओट्यावर उन्हातच बसला. "तारा ढिल्या हायेत याच्या," म्हणून खुंट्या पिळायला लागला. आम्ही कधी पिळल्या नव्हत्या इतक्या. तार चढत गेली, सूर पातळ होत गेला, आणि एकदम फट्‌ असा आवाज आला. तारा ज्या लाकडी पट्टीला बांधलेल्या असतात, जिला आम्ही घोडी म्हणत असू, ती पट्टी बुडासकट उखडून हवेत उडाली. पोरगा दचकून मागे झाला. एक तार त्याच्या मनगटाला चाटून गेली.

"माहा काई दोष नाई हं गुरुजी! उन्हानं सुटली."

गुरुजींनी गिटार घेतली. घोडी जिथे होती तिथे तपकिरी, काचेसारखं काहीतरी वाळलेलं होतं. त्यांनी त्यावरून नख फिरवलं. मग थांबले. बोट तोंडात ओलं केलं, त्या तपकिरी डागावर घासलं, आणि नाकाजवळ नेलं.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता. घरात कोणी मेल्याची बातमी आल्यावर माणूस पहिल्या क्षणी जसा दिसतो, तसा.

ते काही बोलले नसते तर कोणालाच कळलं नसतं. आमच्यातल्या एकालाही त्या डागाचा अर्थ माहीत नव्हता. गुरुजी घोडी खिशात घालू शकत होते. पण ते मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "सरस हाय हा. कातडं शिजवून करतात. याच्यानंच जोडेल हाय हे सगळं."

मी ओट्याचा कठडा धरला. लाकूड आणि तार, आणि त्या दोघांना धरून ठेवणारं तेच. मी अर्ध्या तासापूर्वी काय काय बोलले होते! मी दादारावकडे पाहिलं. आता तो तोडून बोलेल असं वाटलं. तो हसला नाही. पान चघळायचं थांबला होता.

पाटलांचा मुलगा वाकला. त्याने वास घेतला आणि रुमाल नाकाला लावला. "अरे बापरे! मी म्हणतच होतो," तो हसत म्हणाला, "मघापासून कशाचा वास येऊन राह्यला. मले वाटलं वस्तीचाच हाय. तुमच्याकडं राहून गिटारले बी लागला असन गुरुजी!"

सहज बोलला. त्याच्या घरात जसं बोलतात तसंच. त्याला कळलंही नाही.

दादाराव उठला. "भाऊ," तो म्हणाला, "पुढच्या टायमाले येशीन तवा नाक घरीच ठेवून येजो. इथं त्याची गरज नाई पडत."

पोरगा लाल झाला. "मी गमतीनं बोललो दादाराव. गुरुजी, बोला न, देता काय? मी अकोल्याले चिकटवून घेतो. पैसे पुरे देतो."

सगळे गुरुजींकडे बघत होते. नियम उघड होता. ढोलकी त्याने गेली, पेटी त्याने गेली. आता गिटार जाणार. मीही तेच धरून होते. मला दुःख होत होतं, पण मनात मी ताठ उभी होते, कारण नियम म्हणजे नियम.

गुरुजी म्हणाले, "नाई विकायची."

"गुरुजी?" मी म्हटलं.

"हा वास माह्या बापाचा हाय," गुरुजी त्या मुलाला म्हणाले. "विकायचा नाई. जा तू."

मोटरसायकलचा आवाज फाट्यापर्यंत ऐकू आला. बैठक कशी उठली मला आठवत नाही. मी गुरुजींच्या मागे धावले. "गुरुजी, मग पेटी काहून टाकली? मग दादारावची ढोलकी? आपण काय सांगत होतो लोकांना?" ते थांबले नाहीत. गिटार छातीशी धरून, तुटक्या तारा जमिनीवर ओढत ते घरात गेले आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी ते शाळा सुटताच वाशीमला गेले. संध्याकाळी सगळ्या वस्तीत वास पसरला. आमच्या अंगणात भाकरी थापता थापता माझ्या आजीचा हात थांबला. तिने हवेत नाक धरलं आणि म्हणाली, "कोन शिजवून राह्यलं हे? हे तं सुटलं होतं न आपलं?"

मी भांडायलाच गेले. तोंडात वाक्यं तयार होती. मावशी दाराबाहेर पदर नाकाला लावून उभी होती. मला म्हणाली, "जा पाह्य. भरमिष्ट झाले ते." अंगणात तीन दगडांच्या चुलीवर पातेलं, पातेल्यात पाणी, पाण्यात एक डबा, आणि त्या डब्यात गुरुजी काडीने तपकिरी पाक ढवळत होते. बाजारातून सुताराच्या सामानातल्या सरसाच्या कांड्या त्यांनी आणल्या होत्या. काडी उचलून धार बघत होते. जणू रोज हेच करतात. ज्या माणसाने व्हॉलीबॉलला काठीने ढकललं, त्याच्या बोटांवर तो पाक चिकटून वाळला होता.

"बरी आली," ते म्हणाले. "मले दोन हात कमी पडून राह्यले. बस खाली."

त्यांनी काडीने पाक लावला, घोडी जागेवर बसवली, आणि म्हणाले, "दाब. दोन्ही हातानं. गरम हाय तोवरच बसते. मी म्हणीन तवाच काढजो."

मी विचार करायच्या आत हात ठेवले. ते ऊन ऊन, चिकट, माझ्या बोटांच्या फटीतून वर आलं. त्यांनी दुसऱ्या बाजूने हात ठेवले. आमची तोंडं समोरासमोर, मध्ये ती गिटार.

"माहा बाप हेच करे," ते म्हणाले.

"ओढायचं काम?"

"थे तं सगळेच करत. ठरावानंतरचं सांगतो. वाशीमले एका कातडी व्यापाऱ्याची भट्टी होती. बाप थ्या भट्टीवर सरस शिजवे. मी म्हणलं, सोड. थो म्हणे, सोडून खाऊ काय? पोराच्या पगारावर बसून खाऊ? मले हात हायेत न. ऐके नाई. लय हट्टी होता."

"मग?"

"मंग मी त्याचं ताट येगळं केलं."



"येगळं म्हणजे?"

"येगळं म्हणजे येगळं. ताट, लोटा. मांगं गोठ्याच्या बाजूले खोपडी बांधून देली. घरात याचं नाई म्हणलं. भाकर हिनं वरून टाकावी, पाणी वरून ओतावं. वास येते म्हणलं मी त्याले. तोंडावर म्हणलं. काल थ्या पोराचं ऐकलं आन् मले माहाच आवाज ऐकू आला."

दाराशी मावशी उभी होती. तिने पदर तोंडात धरला होता. तिने मान खाली घातली, म्हणजे ते खरं होतं.

माझ्या आजीला पाटलाच्या वाड्याबाहेर असंच वरून पाणी ओतत. ती ओंजळ धरून दाखवायची आम्हाला, पाणी कोपरावरून कसं गळायचं ते. त्याच ओंजळीवर गुरुजींनी गाणं लिहिलं होतं. मी ते गाणं गावोगाव गायले होते.

"ठरावात हे नव्हतं गुरुजी. काम सोडा, असं होतं. ताट वेगळं करा, हे कुठं लिहिलं होतं?"

"ठरावात नव्हतं."

"मग?"

"मी जोडलं."

"आन् वस्ती? कोणी काही बोललं नाही?"

"वस्ती म्हणे, मास्तर तत्त्वाचा पक्का. सख्ख्या बापाले सोडत नाई. माही इज्जत वाढली न त्याच्यानं." ते खाली बघत होते, घोडीकडे. "दादा फक्त जाये खोपडीत. ढोलकी घेऊन जाये आन् वाजवे त्याच्यापुढं. बापाले लय आवडे. एक दिवस मी सभेहून आलो तं खोपडी रिकामी होती. मातीचं सारं दादानंच केलं."

मग दादारावची ढोलकी कशामुळे बंद झाली, हे मला तेव्हा कळलं: कातड्यामुळे नव्हे, तिच्यातून गुरुजींना ती खोपडी ऐकू यायची. मी ज्याला तत्त्व म्हणून पाठ केलं, गाऊन दाखवलं, ज्याच्यासाठी मांडवात हसू सोसलं, त्याच्या तळाशी एक म्हातारा वरून टाकलेली भाकर धोतराच्या सोग्यात झेलत होता. ठराव बरोबर होता. मी आजही म्हणेन, ठराव बरोबर होता. तो लिहिणारा हात मात्र मी आता असा जवळून, चिकट झालेला बघत होते.

मला उठायचं होतं. त्यांच्या तोंडावर काहीतरी बोलून, भिंतीवरचं एखादं पत्रक ओरबाडून निघून जायचं होतं. पण हात काढले असते तर घोडी सरकली असती.

तेवढ्यात पलीकडच्या घरातून आवाज आला. आधी नुसता एक ठोका. मग दोऱ्या ओढल्याचा, कड्या सरकवल्याचा. मग पुन्हा ठोका, जरा वरचा. दादाराव ढोलकी चढवत होता. मी गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही. फक्त त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब गिटारीवर पडला आणि त्यांना तो पुसता आला नाही, कारण हात गुंतले होते. मलाही पुसता आला नाही.

"गुरुजी," मी दातओठ खात म्हणाले, "चिकटलं काय?"

"नाई," ते म्हणाले. "अजून ओलं हाय. दाब."

मी दाबलं.